जिभेखालच्या तारेचं प्रकरण

काम दहा सेकंदांचं होतं. तसं खुद्द डॉक्टर हेतल म्हणाल्या होत्या. पण ते दहा सेकंद गाठायला शमिकाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत एक बारसं उरकलं गेलं, पूर्णगडच्या ग्रामदेवतेला दोनदा तसदी दिली गेली, आणि शाळेत जी कधी शेजारणीच्या पेपरात डोकावलीसुद्धा नव्हती त्या शमिकाने स्वतःच्या सहीनिशी एक धादांत खोटं लिहून दिलं.

सुरुवात झाली वजनकाट्यावर. लेक जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे होती. चोविसाव्या दिवशी, सोमवारी, काटा दोन किलो नऊशे साठवर जाऊन थांबला आणि पुढे सरकेना. शमिका त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू तो तिच्याविरुद्ध साक्ष द्यायलाच तिथे बसवला होता.

पाजण्यात तिने कसूर केली नव्हती. उलट दिवसभर दुसरं काही होतच नव्हतं. लेक चाळीस-चाळीस मिनिटं अंगावर असायची. टक् टक् आवाज यायचा, पकड सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची, आणि शेवटी ती झोपायची. पोट भरून नव्हे, दमून. हा फरक फक्त शमिकाला कळत होता. बाकीच्यांना झोपलेलं बाळ म्हणजे गुणी बाळ. अर्ध्या तासाने ते गुणी बाळ भुकेने लालबुंद होऊन उठलं की सासूबाई, म्हणजे यमुनाबाई, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "दूध पातळ असंल गो तुझं." डाव्या बाजूला चीर पडून रक्त येत होतं. ते कुणाला सांगायचं आणि कुठल्या शब्दांत, हेच तिला सुचत नव्हतं.

वजन करणाऱ्या राजश्री सिस्टरांनी काही विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर पाज बघू." पाच मिनिटं पाहिलं, मग धुतलेल्या हाताची करंगळी बाळाच्या जिभेखाली घातली.

"ही बघ तार. जीभ रडताना कशी होते, टोकाला खाच पडून? पत्त्यातल्या बदामासारखी?"

शमिकाने चोवीस दिवसांत बाळाचं सगळं पाहून घेतलं होतं. कानामागचा तीळ, पायाची तिरकी करंगळी, सगळं. तो बदाम मात्र पाहिला होता तेव्हा तिला तो गोड वाटला होता. फोटोसुद्धा काढला होता.

"जिभेखाली अशी पट्टी सगळ्यांनाच असते," सिस्टर म्हणाल्या. "हिची आखूड आहे आणि थेट टोकाला धरलेली. जीभ पुढे येत नाही, म्हणून ती हिरडीने धरते. तुला दुखतं ते म्हणून. दूध पातळ वगैरे काही नाही."

शमिकाला तिथल्या तिथे रडू आलं. दुधाला निर्दोष सोडल्याचं ते रडू होतं.

सिस्टरांनी चिठ्ठी दिली आणि शमिका केसपेपरच्या खिडकीवर गेली. खिडकीतल्या माणसाने चष्मा कपाळावर चढवला.

"काय होतंय?"

"बाळाच्या जिभेचं आहे. कान-नाक-घसा विभागाचा पेपर हवाय."

"कान. नाक. घसा." त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "जीभ कुठाय यात? जीभ तोंडात. तोंड दातवाल्यांकडे. तीन नंबर."

तीन नंबरच्या दारावरच्या मावशींनी बाळाच्या उघड्या तोंडात प्रेमाने डोकावून पाहिलं. "हिला दात कुठायत?"

"अजून यायचेत."

"मग आले की आण."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शमिका स्वतः एका सरकारी कचेरीत लिपिक होती. सध्या बाळंतपणाच्या रजेवर असली, तरी 'नावात फरक आहे', 'हे आमच्याकडे येत नाही' आणि 'पुढच्या आठवड्यात या' ही तीन वाक्यं ती गेली सहा वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूने म्हणत आली होती. ती बाहेरच्या बाजूने कशी ऐकू येतात, हे तिला त्या दिवशी कळलं. ती परत सिस्टरांकडे गेली आणि सिस्टर स्वतः खिडकीवर आल्या. खिडकीतल्या माणसाने मग 'बेबी ऑफ शमिका' असं टाइप करून शुक्रवारचा नंबर दिला. कान-नाक-घशाच्या डॉक्टर हेतल शुक्रवारीच यायच्या.

डॉक्टर हेतल वयाने शमिकाएवढ्याच. त्यांनी तपासलं, आणि शमिकाला वाटलं होतं त्याच्या उलट, कात्रीला हात लावला नाही.

"सगळ्यांची कापायची नसते," त्या म्हणाल्या. "बाळाचं पोट भरत असेल, आईला दुखत नसेल, तर तार असली तरी राहू दे. एक आठवडा सिस्टर शिकवतील तसं धरून बघा. तोवर दूध काढून वरून पण पाजा, वजन पडता कामा नये. नाही जमलं तर पुढच्या शुक्रवारी मोकळी करू. दहा सेकंद. टाका नाही, काही नाही, लगेच अंगावर घ्यायचं. मात्र त्यानंतर मी तीन आठवडे रजेवर आहे."

तीन आठवडे. दूध काढून बोंडल्याने पाजलं तर लेक घटाघट प्यायची, त्यामुळे जिवाला धोका असा नव्हता. पण बोंडल्याची सवय लागून ती अंगावर यायचीच सोडून देईल, आणि मग दूधही हळूहळू आटेल, ही भीती शमिकाला सकाळ-संध्याकाळ कुरतडत होती. तिला आपल्या लेकीला अंगावर पाजायचं होतं. जगाकडे तिची दुसरी काही मागणी नव्हती.

जगाला मात्र वेगळीच चिंता होती. बातमी जिन्यावरून खाली पोचली आणि पहिल्या मजल्यावरच्या सावित्रीकाकू वर आल्या. काकूंनी एकतीस वर्षं शाळेत वक्तृत्व स्पर्धेची मुलं तयार केली होती.

"शमिका, हिला 'ळ' येणार नाही," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "'र' तर विसरच. मराठी मुलगी आणि 'ळ' नाही! कमळ कसं म्हणेल? टिळक कसं म्हणेल?"

"काकू, ती अजून महिन्याची पण नाही."

"हेच वय असतं!" काकूंनी पिशवीतून सहाण, वेखंड आणि मधाची बाटली काढली. "उगाळून जिभेवर रोज."

"सिस्टर म्हणाल्या, वर्षाच्या आत मध नाही द्यायचा. आणि वेखंड पण नको."

काकूंनी सहाण पुन्हा पिशवीत ठेवली, ती अशा बेताने, की आवाज होऊन शमिकाला लागावा. पण बाई हार मानणारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी दहाला येऊन पाळण्याशी उभ्या राहून 'ळ'ची बाराखडी म्हणू लागल्या. बाळ ती फार लक्ष देऊन ऐकायचं. खरं तर त्या वेळात शमिकाची आंघोळ व्हायची, म्हणून तिनेही थांबवलं नाही.

यमुनाबाईंची चिंता आणखी पुढची होती. "उद्या बघायला आले नि नाव विचारलं, तर ही काय सांगंल?"

"आई, आधी तिचं पोट भरू दे."

"पोट भरंल गो. जीभ जन्माची हाय."

कुणाच्याही बोलण्यात दूध येतच नव्हतं. जीभ म्हणजे बोलायची वस्तू, हे घरादाराने ठरवून टाकलेलं. एकोणतीस दिवसांच्या मुलीच्या नोकरीच्या मुलाखतीवर दिवाणखान्यात चर्चा झडत होती आणि आतल्या खोलीत तिची आई दात आवळून डावी बाजू देत होती.

राजश्री सिस्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला अशी तार आहे का? कधीकधी घराण्यात असते. शमिकाने हे घरी सहज सांगितलं. यमुनाबाई खवळल्या. "आमच्या घराण्यात? एकेकाची जीभ बघ कशी चालते ती!" आणि पुरावा म्हणून त्यांनी आल्यागेल्याला जीभ दाखवायला लावली. केतनने, म्हणजे शमिकाच्या नवऱ्याने, मुंबईहून व्हिडिओ कॉलवर दाखवली. ठीक होती. यमुनाबाईंची तर हनुवटीपर्यंत आली. उरले सासरे, जानूआबा. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, म्हणून काढलेला माणूस. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर घरात कुतूहल व्हायचं. त्यांनी पेपर बाजूला ठेवून जीभ काढली.

ती दातांपुढे आलीच नाही. आणि टोकाला खाच. बदाम.

यमुनाबाई मटकन खाली बसल्या. "त्रेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस वर्षं मी म्हणतंय, ह्यांना माझं बोलणं पटतंय म्हणून गप्प हायत. म्हणजे ह्यांना बोलायचं होतं?"

आबांनी पेपर पुन्हा वर उचलला.

(पुढे डॉक्टर हेतलनी सांगितलं, की अशी जीभ असलेली बहुतेक माणसं व्यवस्थित बोलतात, आबांचं गप्प राहणं हे आबांचंच आहे. त्याने यमुनाबाईंचं समाधान झालं नाही. उलट त्या अधिकच विचारात पडल्या.)

दिवस सरत होते. सिस्टरांनी उशी कुठे ठेवायची, मान कशी धरायची, तोंड पूर्ण उघडेपर्यंत कसं थांबायचं, सगळं हाताला धरून शिकवलं. उजवी बाजू बरीच सुधारली. डावी नाही. वजन वाढलं, पण ते बोंडल्याचं. सोमवारी शमिकाने घरात जाहीर केलं, "शुक्रवारी तार मोकळी करून घेणार."

"कात्रीने?" यमुनाबाई ताडकन उठल्या. "देवाला इचारल्याशिवाय?"

पूर्णगड या त्यांच्या मूळ गावी घरातलं कुठलंही मोठं काम ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय होत नसे. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, मूर्तीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नवी होडी समुद्रात घालायची तरी कौल, केतनने मुंबईची नोकरी धरायची तरी कौल. शमिकाने केतनला फोन केला. तो म्हणाला, "घेऊ दे ना कौल, दहा मिनिटांचं काम आहे." घरात कुणी वेळ सांगितली की शमिकाला आता घाम फुटायला लागला होता.

मंगळवारी यमुनाबाई पूर्णगडला गेल्या आणि दुपारच्या एसटीने रिकाम्या हाताने परत आल्या.

"गुरव म्हणतो, कुणासाठी इचारू? नाव सांग. मी म्हटलं, नाव नाय ठेवलेलं अजून. तर म्हणतो, बिननावाचं गाऱ्हाणं मी घालत नाय. मागं एकदा घातलं होतं, तर कौल मिळाला आणि बरा झाला शेजारच्यांचा बैल."

म्हणजे तार कापायला कौल हवा, कौलाला नाव हवं, आणि नावाला बारसं. बारसं केतनच्या रजेसाठी थांबलेलं होतं. आता केतनला बुधवारीच निघायला सांगितलं. बारशाला आत्या हवी, म्हणून त्याची बहीण रुपाली त्याच्याबरोबर गाडीत बसली. आत्या येतेय म्हटल्यावर पूर्णगडची माणसं येणार, आणि ती आली की घुगऱ्या, पाळणा सजवणं, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अडतीस पानं.

त्या बुधवारी दुपारी शमिका दाराकडे पाठ करून पाजत होती. डावी बाजू. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात गुंतले होते म्हणून ते तसंच हनुवटीवरून बाळाच्या टोपड्यावर पडत होतं. मागे काहीतरी हललं. तिने वळून पाहिलं तर उंबऱ्याच्या आत पेजेची वाटी ठेवलेली होती आणि जानूआबांची पाठ बाहेर जात होती.

गुरुवारी बारसं झालं. नावाबद्दल सांगायचं तर शमिकाच्या मोबाइलमध्ये आठ महिने जमवलेली बेचाळीस नावं होती, अर्थांसकट. यमुनाबाईंचं म्हणणं, गंगा. यमुनेची नात गंगा. एरवी यावर घरात आठवडाभर अबोला झाला असता. शमिका म्हणाली, "ठेवा गंगा. पण बारा वाजायच्या आत ठेवा. तिची पाजायची वेळ होते." यमुनाबाईंना इतक्या सहज जिंकायची सवय नव्हती, त्या दिवसभर तिच्याकडे संशयाने बघत होत्या. रुपालीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बाळाने एक शिंक दिली, आणि त्याच संध्याकाळी आबा नाव घेऊन पूर्णगडला रवाना झाले. शुक्रवारी सकाळी सातला कौल लागायचा होता. डॉक्टरांचा नंबर अकराचा.

सात वाजले. आठ वाजले. यमुनाबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडेआठला त्यांनीच फोन लावला. कळ्या चिकटून होत्या. एकही पडत नव्हती.

"देव इचार करतोय," यमुनाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. "त्याच्या मनात असल्याशिवाय आपण इथून हलायचं नाय."

शमिका बाळाला दुपट्यात गुंडाळून दारात उभीच होती. केतन एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत होता. बारशाला आलेली पूर्णगडची नऊ माणसं, जी इस्पितळात यायच्या तयारीनेच मुक्कामाला थांबली होती, ती घड्याळाकडे बघत होती.

सव्वानऊला फोन वाजला. जानूआबा. आबांनी आपण होऊन फोन करायची ही पहिलीच वेळ.

"उजवा दिला," ते म्हणाले. "जावा." आणि ठेवला.

अकरा माणसं टेम्पोतून इस्पितळात पोचली. केतन, शमिका आणि गंगा त्याच्या मित्राच्या गाडीतून. तिथल्या गर्दीत बाळाला धक्का नको म्हणून शमिका बाकावर बसली आणि रुपाली मोठ्या उत्साहाने खिडकीवर गेली.

"गंगा केतन डोर्लेकर," तिने ठणकावून सांगितलं.

त्याच चष्म्याने संगणकात पाहिलं. "अशी पेशंट नाही."

"काल नाव ठेवलंय. मी आत्या आहे."

"आमच्याकडे 'बेबी ऑफ शमिका' आहे. नावात फरक आहे. गंगा म्हणजे नवीन पेशंट. नवीन पेशंटला आधी बालरोग विभाग, मग इकडे. पुढच्या शुक्रवारी या."

शमिका बाकावरून उठली. तिने हे वाक्य सहा वर्षं म्हटलं होतं. त्यातली फट तिला ठाऊक होती.

"दादा, आत्या चुकली. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही."

"वहिनी!" रुपालीचा आवाज चिरका झाला. "अगं काल माझ्याच तोंडून..."

"तसं लिहून द्या," खिडकीतून कागद आला.

शमिकाने एका हाताने बाळ सांभाळत सुवाच्य अक्षरात लिहिलं: माझ्या बाळाचं अद्याप नामकरण झालेलं नाही. खाली सही. शेजारी उभ्या असलेल्या, पूर्णगडहून आलेल्या काकीच्या हातात बारशाच्या उरलेल्या घुगऱ्यांचा डबा होता. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. यमुनाबाईंना वेगळाच घोर पडला. "मग देवानं कौल दिला तो कुणाला?"

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. गुरव होता, आणि त्याचा आवाज सगळ्या बाकांना ऐकू गेला. "यमुनाबाय, पडली! आत्ता पडली कळी! उजवी! इतका वेळ काढला देवानं, पण उजवीच दिली बघा!"

भिंतीवरच्या घड्याळात दहा पन्नास झाले होते.

यमुनाबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग शमिकाकडे. दोघींनी मनातल्या मनात सव्वानऊ आणि दहा पन्नास यांची वजाबाकी केली. त्रेचाळीस वर्षांत न बोललेल्या माणसाने आज तीन शब्द उच्चारले होते आणि तिन्ही खोटे निघाले होते. "काय झालं गो?" काकीने विचारलं.

"काय होतंय? कौल दिलेला हाय," यमुनाबाई पदर खोचत म्हणाल्या. "दोनदा दिलेला हाय. चल गो शमिका, नंबर आला."

आत केतनने बाळाचं डोकं धरलं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. शमिकाने मिटले नाहीत. डॉक्टर हेतलनी जीभ वर उचलली, काहीतरी चकाकलं, गंगाने एकदा मोठ्याने टाहो फोडला, आणि सिस्टरांनी कापसाचा बोळा जिभेखाली धरला. त्यावर रक्ताचे दोन ठिपके होते. झालं.

"झालं?" दाराच्या फटीतून यमुनाबाईंचा आवाज आला. "एवढ्यासाठी अडतीस पानं?" मागे नऊ जणांची निराशा स्पष्ट ऐकू आली. त्यांनी टेम्पो केला होता.

राजश्री सिस्टरांनी शमिकाला शेजारच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. "लगेच सगळं जमेल असं नाही हं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस ती जीभ बांधलेली होती, तिला आता शिकायला लागेल. कदाचित दोन-चार दिवस जातील." मग त्याही बाहेर गेल्या.

शमिकाने मुद्दाम डावी बाजू घेतली. पहिल्यांदा गंगाची पकड सुटली. टक्. दुसऱ्यांदाही सुटली. शमिकाने तिची मान पुन्हा नीट धरली आणि तोंड पूर्ण उघडेपर्यंत वाट पाहिली. तिसऱ्यांदा गंगाने धरलं, आणि शमिका कळ येण्याची वाट बघत ताठ बसून राहिली. थोडं दुखलं, जुन्या चिरेचं. मग नाही. मग एक आवाज आला, जो तिने गेल्या पस्तीस दिवसांत अंगावर पाजताना कधी ऐकला नव्हता. गिळण्याचा. छोटा, ओला, घुटका घेतल्यासारखा. पुन्हा. आणि पुन्हा. गंगाची हनुवटी सावकाश, लयीत हलत होती आणि वळलेली मूठ बोटाबोटाने उलगडत होती.

बाहेर घुगऱ्यांचा डबा उघडल्याचं ऐकू येत होतं. रुपाली कुणाला तरी सांगत होती की नाव तिनेच ठेवलंय, कागदावर काहीही असो. केतन सगळ्यांना हळू बोला, हळू बोला असं मोठ्याने सांगत होता.

बराच वेळ गेला आणि गंगाने सोडलं. दमून नव्हे, स्वतःहून, तृप्त माणूस ताटावरून उठतो तशी. तोंड अर्धं उघडं, कोपऱ्यात दुधाचा एक थेंब, गाल जड झालेले. शमिकाला वाटलं, हे कुणीतरी बघायला हवं. केतनने, नाहीतर आईंनी, नाहीतर नुसत्या सिस्टरांनी तरी. पण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि हाक मारायची तर आवाज करावा लागला असता.

तिने कुणालाच बोलावलं नाही.